निंबाखाली धरलेली जागा

पुणे, २६ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

तुम्हाला नमस्कार, आणि मामींना वेगळा नमस्कार. दोघांना मिळून एकच पाठवला की मामी विचारतात, माझ्या वाट्याला किती आला?

पत्र लिहिते आहे, कारण तुमच्याशी फोनवर बोलण्यात अर्थ नसतो. तुम्ही "बरं आहे" म्हणता आणि फोन मामींच्या हातात देता. मला तुमच्याकडून एक काम करून घ्यायचं आहे आणि ते "बरं आहे"मध्ये मावणारं नाही.

मागच्या महिन्यात आम्ही ऑफिसातल्या पाच मैत्रिणी एका तलावाकाठी तंबूत राहायला गेलो होतो. मामा, काय सांगू. तंबू असे ओळीने लावलेले, जणू यात्रेतली दुकानं. शेजारच्या तंबूत कोणाचा तरी वाढदिवस, त्यापलीकडे लाउडस्पीकर, आणि सकाळी चहासाठी रांग. आकाश बघायला गेलो होतो, दिसले ते रंगीत बल्ब. माझी मैत्रीण रेवती म्हणाली, यापेक्षा सोसायटीच्या गच्चीवर झोपलो असतो तर बरं झालं असतं. तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात बोलून गेले, की माझ्या मामांच्या गावाला चला, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथं आकाश कोणाच्या मालकीचं नाही.

आता त्या सगळ्या माझ्या मागे लागल्या आहेत. जानेवारीत एका रात्रीसाठी आम्हाला जागा हवी आहे. कोणाचं शेत नको, रिसॉर्ट नको. सरकारी किंवा गावाची मोकळी जमीन हवी, जिथं तंबू लावला तर कोणी हाकलणार नाही. सपाट असावी, पाणी फार लांब नसावं आणि बायाबापड्यांना निर्धास्त झोपता यावं. अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा ते सोडून सांगा. शोधाल ना?

तुमची अश्विनी

•

धामणखेड, सोनाळ्याजवळ
४ डिसेंबर २०२४

चि. अश्विनी, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं की मीच चुकीचं वाचतो आहे. माझ्या घरात माडीवर दोन खोल्या रिकाम्या आहेत. चार पलंग, त्यावर गाद्या, गाद्यांवर मामीने शिवलेल्या गोधड्या. आणि माझी सख्खी भाची नांदुऱ्याला गाडीतून उतरून, एसटीत हाडं खिळखिळी करून गावात येणार, आणि झोपणार उघड्यावर? गावात माझं नाक राहील का? लोक म्हणतील, पंजाबरावाकडे भाचीला टेकायला जागा नव्हती.

तरी तू विचारलंस म्हणून सांगतो. शाळेचं मैदान आहे, पण तिथं पहाटेपासून क्रिकेट चालतं आणि रात्री कुत्र्यांची सभा भरते. पाझर तलावाच्या काठी मच्छर इतके की तंबूसकट उचलून नेतील. मारुतीच्या पाराजवळ भजनी मंडळ बसतं. त्यातले दोघं चांगले गातात, पण ते नेमके गैरहजर असतात. डोंगराकडे अस्वल उतरतं. ते मोहाच्या दिवसांत येतं असं म्हणतात, पण अस्वलाला कॅलेंडर कोण दाखवणार?

राहता राहिली ई-क्लास. तुझ्या मैत्रिणींना माहीत नसेल म्हणून लिहितो. ई-क्लास म्हणजे सरकारी जमीन, गावच्या गुरांना चरायला राखलेली. आमच्या गावाची ई-क्लास चांगली ऐसपैस आहे, नाल्याला लागून, मध्ये एक मोठा निंब. काही वर्षांपूर्वी लोकांनी तिचा निम्मा भाग नांगरून खाल्ला होता. माझा चुलतभाऊ उकंडराव त्यात सगळ्यांच्या पुढे. मी ई-क्लास बचाव समिती काढली, मोजणी आणली, सगळ्यांना उठवलं. उकंडराव तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. समितीचा अध्यक्ष अजून मीच आहे. तेव्हा त्या जागेचा विचार तू करू नकोस. तिथं गुरं झोपतात, माणसं नाही.

मुकाट्याने माडीवर झोपायला या. भरीत करू, कळण्याच्या भाकरी करू.

पाकीट चिकटवायचं काम तुझ्या मामीकडे असतं. ती माझं पत्र वाचते आणि खाली आपलं काहीतरी लिहिते. तिचं लिहिलेलं मी वाचत नाही, असा आमचा करार आहे.

तुझा मामा, पंजाबराव

ता. क. अश्विनी, मी मामी. यांचं काही खरं मानू नकोस. तुझं पत्र आल्यापासून हे रोज स्कूटर काढून जागा बघत फिरत आहेत. तलावावर जाऊन मच्छर चावून घेऊन आले. काल संध्याकाळी ई-क्लासवर निंबाखाली बसून सराटे वेचत होते, पोरींच्या पायाला टोचतील म्हणून. गोविंदा गुराखी घरी येऊन मला विचारून गेला की दादांचं काही हरवलं आहे का. तू बिनधास्त ये. विमल.

•

पुणे, ९ डिसेंबर २०२४

ती. मामा,

तुमचं "नाही" पोचलं. मामींच्या ओळी तुम्ही वाचत नाही, म्हणून निंबाखालच्या सराट्यांबद्दल मला काही कळलेलं नाही असं समजा.

तुमच्या नाकाची काळजी मलाही आहे. तेव्हा असं करू. जेवण घरी, आंघोळ घरी, मामींच्या पाया पडणं घरी. फक्त झोपायला बाहेर. मग तर कोणी म्हणणार नाही ना, की पंजाबरावांनी भाचीला उपाशी ठेवलं?

मामा, थट्टा सोडून सांगते. पुण्यात राहून मला बारा वर्षं झाली. इथं जिथं बसावं तिथं कोणीतरी येऊन विचारतं, बुकिंग आहे का? ज्या जागेवर कोणाची पाटी नाही अशा जागेत एक रात्र पाठ टेकावी, एवढंच मला हवं आहे. मला ते खरंच मनापासून हवं आहे.

येत्या शनिवारी, चौदा तारखेला, मी आणि रेवती आधी दोघीच येतो. एकच छोटा तंबू आणू. एक रात्र निंबाखाली राहून बघू. सरपंचांच्या कानावर तुम्ही आधी घाला म्हणजे झालं. जागा आवडली तर जानेवारीत सगळ्या येऊ. आणि नाही आवडली तर माडीवर येऊन गुपचूप झोपू आणि तुमचं कसं बरोबर होतं ते सकाळी चारचौघांत सांगू.

अश्विनी

•

धामणखेड
२० डिसेंबर २०२४

चि. अश्विनी, आशीर्वाद.

निंबाखाली रात्र काढून तुम्ही सुखरूप पोचल्याचा फोन आला. अंधारात तंबू लावून उजाडायच्या आत गुंडाळलात, म्हणून गावात फारसा कोणाला पत्ता नाही. तुझी ती रेवती मोठी गमतीची पोरगी आहे. मला विचारते, मामा, ही एवढी जमीन कोणाची? मी म्हटलं, गुरांची. तर म्हणते, मग गुरांचे आभार कसे मानायचे? मी गोविंदाला सांगितलं, तो अजून हसतो आहे.

निघताना तू काळजीत होतीस, की कापूस निघाला की लोक पऱ्हाटीची वाळकी झाडं उपटून निंबाखाली रचतील आणि जानेवारीत तुम्हाला जागा उरणार नाही. मी तुला शब्द दिला होता की तेवढी जागा तुझ्यासाठी धरून ठेवतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून अख्ख्या वऱ्हाडाच्या जागा धरलेला माणूस आहे मी. एका तंबूची जागा धरायला मला काय अवघड? तशी ती धरली आहे. चोख धरली आहे.

बाकी इकडे सगळं ठीक. थंडी पडली आहे. हरभरा बरा आहे. निंबाकडचा तो भाग आता गावातल्या इतरही काही लोकांना आवडू लागला आहे. त्याचं काही विशेष नाही.

तुझा मामा

ता. क. विशेष आहे, अश्विनी. फार विशेष आहे. तू गेलीस त्याच संध्याकाळी यांनी चुन्याची फक्की नेली आणि निंबाभोवती चौकोन आखला. चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले. वर एका दगडावर तुझं नाव. मी म्हटलं, अहो, हे काय करता? तर म्हणे, पऱ्हाटी टाकणाऱ्याला कळायला नको का, की जागा धरलेली आहे.

आता तूच सांग, गावाने काय समजावं? ई-क्लास बचावचा अध्यक्ष, त्याच्या भाचीच्या नावाने ई-क्लासवर चुना आखलेला. सकाळी सकाळी बातमी फुटली की सरकार ई-क्लासचे प्लॉट पाडणार आहे आणि पंजाबरावाला आधीच कळलं आहे. दुपारपर्यंत गावातल्या मोतीरामने आपली बाज नेऊन शेजारी टाकली. त्याच्या पलीकडे कोणाचा मोडका फवारणी पंप, कोणाचा नांगर, कोणी चार काठ्यांना साड्या बांधल्या. उकंडरावांनी तर कडब्याच्या पेंढ्या रचून चक्क खोपडी, झोपडीच म्हण ना, उभी केली आणि तिच्यात बसून आहेत. गुरांना निंबाच्या सावलीत जायला वाट राहिली नाही.

समितीतले लोक यांच्याकडे राजीनामा मागत आहेत. हे जेवायला बसतात आणि भाकरीचे तुकडे नुसते मोडत राहतात. मला त्यांचं असं बघवत नाही. विमल.

•

पुणे, २६ डिसेंबर २०२४

ती. मामा,

मामींचं लिहिलेलं मी वाचलं आणि तुम्ही लिहिलेलं "त्याचं काही विशेष नाही" हेही परत वाचलं. फोन केला तर तुम्ही म्हणालात, "बरं आहे."

मला इतकं वाईट वाटतं आहे की काय सांगू. माझ्या एका रात्रीच्या हौसेपायी तुमचं एवढ्या वर्षांचं काम पाण्यात जाणार असेल तर ती हौस गेली चुलीत. आम्ही येत नाही. मी बाकीच्यांना सांगून टाकलं आहे. रेवतीला तर रडूच आलं. तिने तंबू घडी करून माळ्यावर टाकला.

तुम्ही तो चुना आजच्या आज पुसून टाका, माझ्या नावाचा दगड नाल्यात फेका आणि गावाला सांगा की भाची मूर्ख आहे, तिचं ऐकून मी फसलो. हवं तर मी तसं लिहून पाठवते. सगळा दोष माझ्यावर टाका. मी एवढ्या लांब आहे, मला कोण काय म्हणणार?

आणि मामा, नीट जेवा.

अश्विनी

•

धामणखेड
२ जानेवारी २०२५

चि. अश्विनी,

तुझं पत्र वाचून मला राग आला. न येऊन तू माझं भलं करशील असं तुला वाटत असेल तर तुला गावाचं काहीच कळत नाही. तू आली नाहीस तर लोक काय म्हणतील? हेच, की पकडले गेले म्हणून मागे हटले. चुना पुसला तर म्हणतील, रात्री परत आखणार. पऱ्हाटी अडवायला आखलेली ती रेघ मरेपर्यंत माझ्या कपाळावर राहील. आणि ते जाऊ दे. माझं कपाळ म्हातारं झालं. पण एकदा का ही बाज आणि ही खोपडी पावसाळ्यापर्यंत टिकली की तिथं टिनं येतील, टिनांच्या जागी विटा येतील, आणि गुरांनी चरायचं कुठं? गावात ज्यांच्याकडे दोन शेळ्या आणि एक गाय याखेरीज काही नाही, त्यांनी ती नेऊन बांधायची कुठं?

मी चुकलो, हे खरं. जागा धरायची सवय अंगात इतकी मुरलेली, की जी जमीन कोणी धरू नये म्हणून मी भांडलो तीच धरून बसलो, आणि चुना टाकताना हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

परवा मारुतीच्या पारावर बैठक झाली. मी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. की भाचीला एक रात्र झोपायचं आहे आणि उठून जायचं आहे, बस. कोणाचा विश्वास बसेना. मोतीराम उठून म्हणाला, "दादा, पुण्याहून एवढं भाडं खर्चून कोणी भुईवर झोपायले येते काय? अन् झोपायले कोणी चुना मारते काय?" सगळे हसले. मग उकंडराव बोलला. माझ्याकडे न बघता, पाराला सांगितल्यासारखं. "मले उठवलं तवा कायदा होता. आता भाचीसाठी जागा हाय."

मला ते लागलं, अश्विनी. खोटं कशाला सांगू? तेव्हा मी सगळ्यांसमोर एकच गोष्ट बोललो. म्हटलं, "माही भाची अकरा तारखेले येईन, रातभर झोपीन, अन् दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गाशा गुंडाळून चालली जाईन. नाही गेली तं म्या अध्यक्षपद सोडतो, अन् कोणाच्याच सामानाले हात लावत नाही. पण गेली, तं साऱ्यायनं आपापलं उचलाचं." गाव कबूल झालं. उकंडरावही नाही म्हणाला नाही.

तेव्हा तुम्ही यायलाच पाहिजे. आणि त्याहून महत्त्वाचं, तुम्ही जायलाच पाहिजे. आतापर्यंत कुठल्या मामाने भाचीला इतक्या कळकळीने जा म्हटलं नसेल. पाची जणी या. तंबू माळ्यावरून काढा. मी त्या रात्री ई-क्लासकडे फिरकणारही नाही, नाहीतर म्हणतील की अध्यक्ष राखण करायला आला.

तुझा मामा

ता. क. पत्र लिहून झाल्यावर यांनी आज दोन भाकरी खाल्ल्या. आणि एक सांगते, यांना बोलू नकोस. त्या रात्री मीही तुमच्याबरोबर तंबूत झोपणार आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून या घराखेरीज झोपले असेन तर माहेरी किंवा कोणाच्या लग्नाघरी. विमल.

•

पुणे, १५ जानेवारी २०२५

ती. मामा,

तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि कृपा करून फोनवर "बरं आहे"च्या पुढे काहीतरी बोला. आम्ही रविवारी निघाल्यावर काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. जीव टांगणीला लागला आहे. मामींना विचारलं तर त्या म्हणतात, "त्यायलेच लिहू दे, त्यायचा मान हाय."

तुम्ही त्या रात्री ओट्यावर बसून राहिलात, म्हणून तिथं काय घडलं ते मी सांगते.

शनिवारी संध्याकाळी आम्ही पोचलो तर ई-क्लासवर जत्राच भरलेली. ज्याने त्याने जागा धरलेली, आणि धरलेली जागा राखायला जो तो स्वतः हजर. कारण एकजण जेवायला घरी गेला की शेजारचा आपला नांगर त्याच्या हद्दीत सरकवतो. आमच्याकडे सगळे असे बघत होते, जणू आम्ही तलाठी ऑफिसातून आलो आहोत. रेवतीने तंबू काढून दोन झटक्यांत उभा केला तेव्हा मोतीरामदादा जवळ येऊन कापड चाचपून गेले. विचारलं, "हे एवढंच? भिंत-गिंत नाही?" रेवती म्हणाली, नाही, हे पिशवीत मावतं. त्यांनी पिशवीही पाहिली.

मग थंडी वाढली. आमच्या बोटभर शेगडीवर रेवती पाच जणींचा चहा करत होती आणि पाणी काही उकळेना. ते बघून उकंडराव मामांच्या खोपडीतून हसू ऐकू आलं. थोड्या वेळाने एक बाई उठल्या, गोवऱ्या आणल्या, मोकळ्या जागी आर केला. दुसऱ्या कोणी कणीक आणली. पाहता पाहता रोडगे भाजायला पडले, वांग्याची भाजी शिजायला लागली. प्रत्येकजण आपली जागा डोळ्यांनी राखत होता आणि हाताने रोडगे फिरवत होता. पंगत बसली तेव्हा कोण कोणाच्या हद्दीत बसला आहे हे कोणालाच आठवलं नाही. उकंडराव मामा मात्र खोपडीतून बाहेर आले नाहीत. मी त्यांना ताट नेऊन दिलं. त्यांनी तूप आहे का विचारलं. मी म्हटलं, आहे. एवढंच आमचं बोलणं झालं.

मामी आल्या त्या गोधडी डोक्यावर घेऊन. आल्या आल्या रेवतीला म्हणाल्या, "सरक वो बाई," आणि तंबूचा मधला भाग त्यांनी ताब्यात घेतला. चंद्र जवळजवळ पूर्ण होता. तंबूचं दार उघडं ठेवून आम्ही सगळ्या डोकी बाहेर काढून पडलो. मामा, मला हवं होतं ते मिळालं. याहून जास्त मला सांगता येत नाही.

खरी पंचाईत सकाळी झाली. आम्ही उठलो, आवरलं, पिशव्या भरल्या. तंबूत फक्त मामी. त्या उठेचनात. मोतीरामदादा तंबूभोवती फेऱ्या मारायला लागले, आणि जसजसं ऊन चढू लागलं तसतसा त्यांचा चेहरा उजळत गेला. मी आत वाकून म्हटलं, मामी, उठा, मामांची अब्रू आहे. तर डोळे न उघडता म्हणाल्या, "घरी डोये उघडले का चूल दिसते. इथं काईच दिसून नाही राह्यलं. पडू दे ना जराशी."

मी बाहेर येऊन बसले आणि मला रडूच आलं. मैत्रिणींनाही काही सुचेना. मामींना आणखी किती पडू द्यावं याचा हिशेब आम्ही उन्हाकडे बघून करत होतो. शेवटी रेवतीने हळूच काठ्या ओढून काढल्या आणि सगळा तंबू मामींच्या अंगावर बसला. आतून हसण्याचा आवाज आला, मग हात बाहेर आले, मग मामी. पदर नीट करून मोतीरामदादांना म्हणाल्या, "काय पाहून राह्यला बे? उचल तुही बाज." मग आम्ही निंबाच्या डहाळीने चुन्याची रेघ झाडून मातीत मिळवली, दगड नाल्याकडे नेऊन टाकले, केरकचरा पिशवीत भरून आमच्याबरोबर घेतला आणि दुपारच्या आत जीपमध्ये बसलो.

पण त्यांनी उचललं का, मामा? मोतीरामदादांनी बाज उचलली का? आणि उकंडराव मामा? लवकर लिहा.

अश्विनी

•

धामणखेड
२२ जानेवारी २०२५

चि. अश्विनी, अनेक अनेक आशीर्वाद.

तुझी मामी त्या रात्री कुठं होती हे मला तुझ्या पत्रातून कळलं असं तू समजू नकोस. पलंगावरची गोधडी गेली की मला लगेच कळतं. मनात म्हटलं, जाऊ दे.

तुमची जीप वळली आणि मी ई-क्लासकडे निघालो. सगळे उभे होते. कोणी काही उचललं नव्हतं. मोतीराम निंबाखाली गेला, वाकला, तुमच्या तंबूच्या खुंट्या कुठं होत्या ती भोकं शोधू लागला. गवत दबलेलं होतं, बाकी काही नाही. एक कागदाचा कपटा नाही. मग सरळ होऊन सगळ्यांकडे बघत म्हणाला, "गेल्या ना बाप्पा खरंच. येड्याच हायेत." आणि बाज डोक्यावर घेऊन चालू लागला. त्याच्यामागे फवारणी पंप गेला, नांगर गेला, साड्या गेल्या. माझा राजीनामाही कोणी मागितला नाही. शेवटी मी आणि उकंडराव असे दोघेच राहिलो. तो खोपडीत, मी बाहेर.

त्याला हात धरून उठवण्याची हिंमत माझ्यात नव्हती. एकदा उठवलं त्याचं काय झालं ते पाहिलं होतं. मी नुसता उभा राहिलो. एवढ्यात गोविंदाने नेहमीसारखी गुरं सोडली. गुरांना इतके दिवस निंबाखाली जायला मिळालं नव्हतं, ती धावतच आली. आणि जानेवारीतलं ते वाळकं गवत कुठं, आणि समोर रचलेला पिवळाधमक कडबा कुठं. क्षणभर थांबून त्यांनी खोपडीला सगळीकडून तोंड लावलं. उकंडराव आतून ओरडू लागला. मागची भिंत खाऊन झाली तेव्हा तो दिसू लागला, बसलेलाच होता. मला म्हणाला, "दादा, तुह्या ढोरायले आवर. माहं घर खाऊन राह्यले ते." इतक्या वर्षांनी तो मला दादा म्हणाला. मी म्हटलं, "ढोरं गावाची हायेत, उकंडा. अन् त्या दोन म्हशी पाह्य कोणाच्या हायेत."

त्याच्याच होत्या. छप्पर त्याच खात होत्या.

आधी तो हसला. मग मी हसलो, आणि हसता हसता मला खालीच बसावं लागलं. मग त्याने उरलेल्या पेंढ्या स्वतःच सोडून गुरांपुढे टाकल्या आणि माझ्याजवळ येऊन बसला. आम्ही जुनं काही काढलं नाही. थंडीत हरभऱ्याला पाणी द्यावं की नाही याबद्दल बोललो. तो म्हणतो देऊ नये. तो चुकतो आहे, पण मी वाद घातला नाही.

तो घरी गेला तरी मी तिथंच होतो. तुमचा तंबू जिथं होता तिथलं गवत अजून दबलेलं होतं. मनात आलं, बघू तर खरं, पोरी एवढं काय बघायला आल्या होत्या. आणि मी तिथं पाठ टेकली. अश्विनी, या जमिनीसाठी मी मोजण्या केल्या, अर्ज केले, भाऊ तोडला. पण तिच्यावर एकदाही आडवा झालो नव्हतो.

फार बरं वाटलं मला. हे फोनवर सांगता आलं नसतं.

तुझा मामा, पंजाबराव

ता. क. यांनी पुढचं लिहिलं नाही, ते मी लिहिते. आडवे झाले ते झोपलेच. चांगले घोरत होते. आणि कोणीतरी गावात जाऊन सांगितलं की अध्यक्ष स्वतः ई-क्लासवर जागा धरून पडले आहेत. मला कळलं तशी मी पळत गेले, तर मोतीराम बाज घेऊन परत आलेला. मी यांना उठवायला वाकले आणि यांचा चेहरा पाहिला. कितीतरी दिवसांनी तो असा निवांत दिसला. माझा हात मागे आला. मोतीरामला म्हटलं, ठेव बाज खाली अन् तूही पड जरासा, उन्हं उतरली की सारेच जाऊ. तो बाजेवर पडला, मी यांच्या शेजारी. उन्हं उतरली तेव्हा गोविंदाने गुरांबरोबर आम्हा तिघांनाही उठवलं आणि आम्ही गुरांच्या मागे मागे घरी आलो. विमल.